आठ घरं, सात उंबरे

आमच्या गल्लीत घरं आठ आणि गल्लीचं नाव सात उंबऱ्यांची. हुमनाबादचा हमरस्ता सोडून तासभर आत आलं की आमचं गाव लागतं, आणि गावातल्या जुन्या बाजारात ही गल्ली. एका बाजूला भिंतीला भिंत लावून उभी असलेली आठ घरं, दुसऱ्या बाजूला गावकुसाची जुनी दगडी भिंत आणि शेवटी बुरूज. बुरुजापुढं वाट नाही. कानडी बोलणारे तिला ‘एळु होस्तिल ओणी’ म्हणतात, दखनी बोलणारे ‘सात चौखट’. आमच्या भागात तीन भाषांचं एका गोष्टीवर एकमत होणं म्हणजे नवलच, पण या नावावर ते होतं. भांडण होतं ते आठव्या घरावर.

सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की मूळची घरं सात आणि एक मागाहून आलेलं. ते कोणतं? अर्थात दुसऱ्याचं. बुरुजाजवळचे बाजाराच्या तोंडाकडं बोट दाखवायचे, तोंडाजवळचे बुरुजाकडं. आमचं घर बाजाराकडून सहावं. आजेसासरे मुडबीहून इथं आले, त्यामुळं बहुतेक बोटं आमच्यावरच रोखलेली. पाचव्या घरातले कडगंचीकडचे, पण ते दुकानदार माणसं, त्यांना तोंडावर कोण बोलणार? मी उदगीरकडची. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात शेजारच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, “आठव्या घराला आधी वाढा, पाव्हणे हायत ते.” मी पानावरून उठले होते. सासूबाईंनी दंडाला धरून खाली बसवलं.

मी ब्लाउज शिवते. तीस वर्षं झाली, गल्लीतल्या सगळ्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत. म्हाताऱ्या बाया माझ्याकडं येत नाहीत, मीच टेप आणि टाचण्यांची डबी घेऊन त्यांच्या घरी जाते. त्यामुळं या गल्लीतली घरं आतून जितकी मी पाहिलीत तितकी कुणी पाहिली नसतील. कुणाच्या माजघरात उजेड कुठून येतो, कुणाच्या घरात डबी कुठं ठेवायची, सगळं पाठ. डबी ठेवायची जागा जवळजवळ प्रत्येक घरात एकच होती. माजघराच्या बाजूच्या भिंतीतला उंच, खोल कोनाडा. कुणी त्यात टीव्ही ठेवला होता, कुणी पाण्याचे हंडे. जुन्या घरात कोनाडे असतातच, म्हणून मी कधी त्याचा विचार केला नाही. आता मला माझीच लाज वाटते. इंचाइंचाचा हिशोब करणारी बाई मी, आणि डोळ्यांसमोरचं दिसलं नाही.

फक्त एक घर मी माप घ्यायला जात नव्हते, ते पाचवं. त्या घरातल्या अक्काशी माझं आठ वर्षं बोलणं नव्हतं. कारण तोच कोनाडा. त्यांनी त्यांच्या बाजूनं भिंतीत खिळा ठोकला आणि माझ्या कोनाड्यातला गिलावा धपकन माझ्या मशीनवर पडला, एका नवरीच्या ब्लाउजावर. मी तणतणत गेले. अक्का म्हणाली, “भिंत तुम्हीच कोरून पातळ केल्याव. आमच्या जाग्यात घुसलाव, वर भांडायला आलाव व्हय?” मी टेप आणून मोजून दाखवलं. बाकी भिंत दोन हात जाड आणि कोनाड्यात एका विटेची. माझंच माप माझ्यावर उलटलं. तिच्या बाजूनं भिंत सपाट होती, खड्डा माझ्या बाजूला होता, म्हणजे चोर मीच. त्या दिवसापासून ती ब्लाउज हुमनाबादला शिवून घ्यायला लागली. ते बगलेत चुकलेले असायचे, हे मला लांबूनही दिसायचं आणि बरं वाटायचं.

गल्लीत सांडपाण्याची पाइपलाइन टाकायला घेतली त्याला आता तीन वर्षं झाली. गणपती उठून गेले होते. पुरुषभर खोल चर गल्लीच्या मधोमध खणला होता. ये-जा करायला घरांच्या जोत्यालगत हातभर कड राहिली होती, आणि जिथं तीही नव्हती तिथं फळ्या टाकल्या होत्या. दोन दिवस पाऊस लागून राहिला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, उघडीप पडल्यावर, चराची एक बाजू फळ्यांसकट आत बसली. कुणी आत नव्हतं म्हणून बरं. मजूर आणि पोरं जोत्यांना हात धरून, उड्या मारून ये-जा करू शकत होती. बाकी कुणाला घराबाहेर पडायला जागा उरली नाही.

त्याच दुपारी बुरुजाला लागून असलेल्या आठव्या घरातल्या सुनेला कळा सुरू झाल्या.

औरादकडची ती पोर, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. घरात तिच्या माहेरची तेलुगू फोनवर तेवढी चालायची. गल्लीत ती अजून कुणाच्या घरात गेली नव्हती, सासू तशी कडक. दिवस भरायला महिना बाकी होता. सासूची हाक ऐकून मी खालाच्या जोत्यावरून कशीबशी तिकडं पोचले. खाला म्हणजे सातव्या घरातली, गल्लीतलं सगळ्यांत जुनं माणूस. पोर माजघरात भुईवर पडली होती आणि तिच्या अंगावरून रक्त जात होतं. साधं नव्हे, लुगडं भिजेल इतकं. मी तीन बाळंतपणं काढलेली बाई, मला बघताच कळलं की हे घरी निभणारं नाही.

फोन केल्यावर दवाखान्याची गाडी बाजाराच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. तिचा भोंगा आम्हाला ऐकू येत होता. मधे आठ घरांची लांबी, दोनशे पावलंसुद्धा नाहीत, आणि ती पोर तिथवर न्यायची कशी? मागल्या बाजूला दुसऱ्या गल्लीच्या पाठभिंती, त्यांना दार नाही. माळवदावरून म्हटलं तर एक घर उंच, एक खाली, मधे पत्र्याचे उतार. चरातून उचलून न्यायला दोन मजूर उतरले, तर एकाचा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत रुतला आणि त्यालाच ओढून काढायला चौघं लागले. पोरीचा नवरा हुमनाबादला कारखान्यात. सासू भिंतीला डोकं टेकून नुसती “माझी पोर गेली, माझी पोर गेली” म्हणत होती. इतक्या महिन्यांत तिनं तिला सून म्हणूनसुद्धा नीट हाक मारली नव्हती.

तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून धप्प धप्प आवाज यायला लागला. खाला. तिच्या घराकडून, हातातल्या काठीनं ती भिंत ठोकत होती. आम्हाला वाटलं तिला काही झालं. मी जोत्यावरून परत तिच्याकडं गेले, तर म्हातारी कोनाड्यातले हंडे खाली उतरवून ठेवून त्या कोनाड्यात उभी. म्हणाली, “दीवार नै है ये. चौखट है. हमारी दादी इसीच रस्ते से आती-जाती थी.”

 मग तिनं काठी उचलून समोरच्या भिंतीकडं, माझ्या घराकडच्या भिंतीकडं दाखवली. तिथंही कोनाडा. तेवढाच उंच, तेवढाच रुंद, दारापासून तेवढ्याच अंतरावर. आणि एकाएकी मला आठही घरं एकदम दिसली. माझा कोनाडा. अक्काचा, जो मी आठ वर्षांपूर्वी पाहिला होता, त्यात तिचे देव. चौथ्या घरातला टीव्ही. दुसऱ्या आणि तिसऱ्या घरात सख्खे चुलतभाऊ, त्यांच्यात मधे दार होतं आणि आम्हाला वाटायचं ते त्यांनी पाडून घेतलंय. सगळे एका रेषेत. सुईत दोरा ओवावा तशी एक वाट आठही घरांतून आरपार गेलेली, आणि आम्ही तिच्यावर टीव्ही ठेवून बसलो होतो.  

मजुरांकडं पहारी होत्याच. खालाचे दोन मुलगे पुढं झाले. पहिली भिंत फुटायला मोजून चार घाव लागले. मातीची वीट, तिला किती दम असणार? भगदाडातून पलीकडच्या घरातला उजेड आत आला आणि खाली, विटांच्या चुऱ्याखाली, गुळगुळीत झिजलेला दगडी उंबरा निघाला. मधोमध खोलगट. पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या पायांनी तो तसा झाला होता. हे सगळं बघायला वेळ नव्हता, तरी मी क्षणभर वाकून त्या खोलगट जागेला हात लावला.

दोघं मजूर बाहेरून उड्या मारत बाजाराच्या तोंडाकडं पळाले, तिकडून फोडत यायला. पोरीला दुहेरी वाकळीत घेतलं. पुढं दोघं, मागं दोघं. मी तिचा हात धरून बाजूनं. आठव्यातून सातव्यात, सातव्यातून आमच्या घरात. आमच्या घरात आलो आणि समोर माझं मशीन, त्याच्यामागं तो कोनाडा, त्याच्यामागं अक्का.

पहार हातात घेतलेला खालाचा मुलगा माझ्याकडं बघायला लागला. गल्लीत आमचं भांडण कुणाला ठाऊक नव्हतं? मी मशीन ओढून बाजूला केलं आणि भिंतीला तोंड लावून ओरडले, “अक्का! भिंत फोडायलेत! मागं सरका!”

पलीकडं शांत.  ती नाही म्हणाली तर? मग भिंतीपलीकडून, अगदी जवळून, आवाज आला. “फोड की. कामून थांबलीस?”

भिंत पडली तेव्हा धुळीच्या पलीकडं अक्का पदर खोचून उभी होती. तिच्या घरातल्या दुसऱ्या कोनाड्यात देव, समया, बेलाची परडी, सगळं मांडलेलं. तिथून पुढं जायचं तर देव हलवावे लागणार होते. मजूर घुटमळले. त्या घरचे अण्णा सोवळ्याचे कडक, पण ते दुकानात होते. अक्कानं कुणाची वाट पाहिली नाही. एकेक देव उचलून पदरात घेतला, पदर पोटाशी धरला आणि म्हणाली, “मारा. देवाला काय धाड भरलीया?” आणि भिंत फुटेपर्यंत ती तशीच, सगळे देव पोटाशी घेऊन, वाकळीतल्या पोरीच्या उशाशी उभी राहिली. पोरीनं तेव्हा डोळे मिटले होते. तिचा हात माझ्या हातात गार पडत चालला होता. त्या घरात आम्ही किती वेळ थांबलो ते मला सांगता येणार नाही, पण तेवढा लांब वेळ मी पुन्हा कधी काढला नाही.

तिकडून फोडत आलेल्या मजुरांचा आवाज याच भिंतीपलीकडं आला आणि दोन्हीकडून एकदम ती कोसळली. पुढची सगळी दारं उघडी होती. चौथं घर, तिसरं, दुसरं. पहिल्या घरात चपलांचं दुकान आहे. तिथलं लोखंडी कपाट त्यांनी आडवं पाडून ठेवलं होतं. दुकानातून पायऱ्या उतरून आम्ही थेट बाजारात निघालो. गाडी गेल्यावर बघितलं तर माझ्या अंगावर चार घरांची माती होती.

मुलगी झाली. हाताच्या वितीएवढी. दोघी जगतील का हे दोन दिवस कुणी सांगत नव्हतं. मग सांगितलं.

त्या दोन दिवसांत मला झोप नव्हती, म्हणून मी खालाकडं जाऊन बसायची. नव्या भगदाडातून, वाकून. तेव्हा तिनं जे सांगितलं ते तिला तिच्या दादीनं सांगितलेलं. पिण्याच्या पाण्याचा आड बुरुजाजवळच्या आठव्या घराच्या अंगणात होता. चांगल्या घरच्या बायकांनी बाजाराकडच्या गल्लीत पाऊल टाकायची रीत नव्हती, मग त्या कुठल्या का धर्माच्या असेनात. म्हणून घरं बांधली तेव्हाच भिंतीत चौकटी ठेवल्या. पाणी, विस्तव, विरजण, बाळंतिणीचा काढा, सगळं आतूनच फिरायचं. पुरुषांची गल्ली बाहेर, बायकांची आत. आठ घरं आणि त्यांच्यामध्ये सात भिंती, सात उंबरे. आठवं घर म्हणून कुठलं नव्हतंच. हे ऐकल्यावर मी इतक्या मोठ्यांदा हसले की खालाची सून धावत आली.

मग मी विचारलं, बुजवलं कुणी? खालानं काठी भुईवर आडवी ठेवली. वाईट साल आलं, म्हणाली. माणसाला माणसाचं भय वाटायला लागलं. ज्याला भय वाटलं त्यानं आपल्या बाजूनं विटा रचल्या. त्याची भिंत सपाट झाली. ज्यानं रचल्या नाहीत, त्याच्याकडं कोनाडा राहिला.

मी तिच्या माजघरात मान फिरवून बघितलं. तिच्याकडं दोन कोनाडे होते, दोन्ही बाजूंना. आणि तिच्या घराकडची आमची भिंत सपाट होती. अगदी सपाट, मी तिच्यावर आरसा लावला होता.

 आमच्याच कुणीतरी, माझ्या आजेसासूनं असेल, तिच्या दादीच्या तोंडावर विटा रचल्या होत्या. आणि त्याच आजेसासूच्या तोंडावर अक्काच्या घरानं. कोरलं कुणीच नव्हतं. “माफ करा खाला,” मी म्हणाले. ती म्हणाली, “तू काय केलीस गं? तू तर उघडलीस.” आणि तिनं माझ्यासमोर चहा ठेवला. मी तो पीत बसले आणि त्या झिजलेल्या दगडाकडं बघत राहिले. इतक्या वर्षांत या गल्लीत काय काय घडलं असेल, कोण कोण या वाटेनं रडत गेलं असेल, कोण हसत. कुठल्या कागदावर हे नाही. नगरपालिकेच्या नकाशात आमची गल्ली म्हणजे दोन सरळ रेघा आहेत. तेव्हापासून मी गावातून चालते ती बावचळल्यासारखी. कुठं गल्ली उगाच वळली, कुठं भिंतीत कमान अर्धवट बुजलेली दिसली, की पाय थांबतात. पिशवी घेऊन उभी राहते आणि लोक विचारतात, “काय वैनी, काय हरवलं?”

दारं पुन्हा बुजवायची का, यावर गल्लीत बरीच चर्चा झाली. आमच्याकडं चर्चा म्हणजे आरडाओरडाच. चौथ्या घरानं फळ्यांचं दार बसवलं आणि कडी आपल्याच बाजूला ठेवली. पहिल्यानं कपाट परत उभं केलं, पण चाकांवर. आम्ही आणि अक्कानं पडदा लावला. तो मी शिवला, आणि माप तिनं धरलं. चर मात्र अजून तसाच उघडा होता.

म्हणून बाराव्या दिवशी बाळंतीण घरी आली ती आतूनच. बाजारात रिक्षातून उतरली, चपलांच्या दुकानाच्या पायऱ्या चढली आणि घराघरांतून चालत यायला लागली. आम्ही सगळ्या बायका प्रत्येक उंबऱ्यावर भाकरतुकडा आणि पाणी घेऊन उभ्या. तिची सासू बाळाला छातीशी धरून मागून येत होती आणि “सावकाश गं बाय, सावकाश” म्हणत होती. एक गोष्ट मी पाहिली. पोर ज्या घरात शिरायची, तिथं माणसांकडं बघायच्या आधी ती मान वर करून छताकडं बघायची. तिसऱ्या घरात बघितलं, चौथ्यात बघितलं. मला आधी कळेना. मग कळलं. ती या घरांतून गेली तेव्हा आडवी होती. घरं तिला छतांवरूनच ओळखू येत होती.

अक्काच्या माजघरात तिनं मान वर केली आणि ती तिथंच थांबली. वर जुनं किलचाचं, लाकडी फळकुटांचं छत, काळी तुळई आणि तुळईला पाळण्याची एक रिकामी कडी. आम्ही ओवाळायचं विसरून उभ्या राहिलो.

“हितं मला वाटलं की आता बास,” ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली. “ही कडी दिसत होती. मग तीबी दिसंना. मग भिंत पडल्याली ऐकली.”

 अक्कानं हातातलं ताट खाली ठेवलं. तिनं पोरीला खांद्याला धरून त्याच कडीखाली पाटावर बसवलं, सासूच्या हातून बाळ घेतलं आणि स्वतःच्या मांडीवर निजवलं. मग मान वळवून आत सुनेला म्हणाली, “भात वाढ गं, गरम. ही जेवल्याबगर पुढं जायची न्हाई.”